वर्ग रिकामे कोणी केले?

नगर जिल्ह्यात सध्या एक वाक्य फार सहजपणे बोललं जातं: पोरांना शिकायचंच नाही. लग्नाच्या मांडवात ते ऐकू येतं, सोसायटीच्या ओट्यावर ऐकू येतं आणि संस्थाचालकांच्या बैठकीत तर त्यावर एकमतच असतं. पुढचं सगळं ठरलेलं आहे. पोरं ॲडमिशनपुरती कॉलेजात येतात आणि थेट परीक्षेला उगवतात. दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात. बीए, बीकॉमच्या कागदाला आता कोण विचारतं? त्यापेक्षा आयटीआय करावं, गाळा घेऊन धंदा टाकावा. आणि ज्या कॉलेजांत पोरंच बसत नाहीत ती चालवायची तरी कशाला? तालुक्यातालुक्यांतली अर्धी बंद करून टाका, सरकारचा पैसा वाचेल.

हे बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. पण त्यांच्या मताला आता धोरणाचं वजन येऊ लागलं आहे, म्हणून ते तपासणं भाग आहे. त्यातला एकेक दावा उचलून पाहिला तर तो टिकत नाही, आणि सगळे दावे मिळून एक मोठा अन्याय करतात. ज्याच्या हातात काहीही नाही, अशा अठरा वर्षांच्या मुलाच्या माथी ते सगळा दोष मारतात.

शिकायचंच नसेल तर ही मुलं नाव घालायला येतात कशाला? उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 2021-22 साली 18 ते 23 वयोगटाचं नोंदणीचं प्रमाण देशात 28.4 टक्के होतं, महाराष्ट्रात 35.3 टक्के. हा आकडा आपोआप वाढलेला नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधल्या ज्या घरांतून आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्या घरांतली पहिली पिढी आज एफवायच्या हजेरीपटावर आहे. दिवाळीनंतर त्या घरात उरतात म्हातारे आजी-आजोबा, शाळेत जाणारी धाकटी भावंडं आणि दावणीची जनावरं. कारखान्याचा पट्टा पडून आईबाप परत येईपर्यंत हे सगळं सांभाळायचं कोणी? कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या मुलीनं किंवा मुलानं. दुसऱ्या सत्रात या भागातल्या वर्गांची हजेरी गळते, तिचं कारण शोधायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. ज्या महिन्यांत गळती होते ते महिने आणि गाळप हंगामाचे महिने शेजारी मांडले की पुरतं. तरीही स्टाफरूममध्ये त्याला 'इंटरेस्ट नाही' असं म्हटलं जातं.

त्यानंतरचा प्रश्न कॉलेजपर्यंत पोचण्याचा. नगर क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे-अहमदनगर याच मार्गावर, आणि त्याच्या आदल्या वर्षी डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं होतं. या जिल्ह्यात एसटी आणि कॉलेज जवळपास एका वयाची आहेत, एकीवाचून दुसरं चालत नाही. खेड्यातल्या विद्यार्थ्याचं अख्खं वेळापत्रक गावच्या मुक्कामी गाडीवर टांगलेलं असतं. ती रात्री गावात थांबते, पहाटे निघते, तालुक्याला टेकते. ती गाडी आली नाही की त्या दिवशी गावातली सगळीच मुलं गैरहजर.

अकोले तालुक्याच्या डांगाणातल्या, राजूरच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या बीएस्सीच्या मुलीचा दिवस पाहावा. पहाटे उठून घरचं पाणी भरायचं, भाकरी डब्यात बांधायची, अंधारात फाट्यापर्यंत चालत यायचं. गाडीत उभं राहून तालुक्याला. सकाळचे तास होतात, पण केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि ते संपेपर्यंत थांबलं तर परतीची शेवटची गाडी चुकते. गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची? म्हणून ती प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघते. जर्नलवर सही मिळत नाही. सत्राच्या शेवटी तिचं नाव डिफॉल्टर यादीत लागतं. यादी लावणाऱ्याला गाडीची वेळ ठाऊक असते, आणि तरीही प्रॅक्टिकलची बॅच सकाळी घ्यावी असं कोणाच्या मनात येत नाही.

करोनानंतर राज्यातली महाविद्यालयं 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. म्हणजे दीड वर्ष घरी बसलेल्या खेड्यातल्या मुलांना कॉलेजचं फाटक उघडल्याचं फक्त कळलं, तिथे पोचता आलं नाही. त्या बॅचची सवय मोडली, मित्र तुटले, काहींची लग्नं झाली, काही एमआयडीसीत कंत्राटावर लागले. त्या वर्षाची किंमत या मुलांनी मोजली. शहरातल्या वर्तमानपत्रांतून तेव्हा 'ऑनलाइनमुळे विद्यार्थी आळशी झाले' असे लेख येत होते.

आणि भाड्याचं काय? मुलींच्या शिक्षणासाठी एसटीची जी मोफत पासाची योजना आहे, तिला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, जामखेड तालुक्यातला. आता जिल्ह्यालाही त्यांचं नाव मिळालं. पण ही मोफत सवलत पाचवीपासून बारावीपर्यंतच आहे. बारावीचा निकाल लागतो, तीच मुलगी त्याच फाट्यावरून त्याच गाडीत कॉलेजला जायला निघते, आणि तिला भाड्याचा तिसरा हिस्सा भरून मासिक पास काढावा लागतो. रक्कम लहान आहे, असं म्हणणाऱ्यानं तीन भावंडांचं शिक्षण रोजंदारीवर चालवणाऱ्या घरात जाऊन हिशेब मांडावा. त्या घरात पैसे कमी पडले की आधी कोणाचा पास थांबतो, हे प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या नामांतरासाठी एवढी ताकद लागू शकली, तर ही सवलत पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत नेण्यासाठी का लागू नये?

फी माफ आहे, मग तक्रार कसली, असंही विचारलं जातं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच आहे. पण नगर शहरात किंवा पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं म्हटलं की खोलीचं भाडं, खाणावळ आणि प्रवास हाच मोठा खर्च असतो, त्याला हा निर्णय शिवत नाही. आणि मुलांचं काय?

शिष्यवृत्तीचा कारभार तर एखाद्यानं एकदा विद्यार्थ्याच्या शेजारी बसून पाहावा. महाडीबीटी पोर्टल उघडत नाही म्हणून सायबर कॅफेत रात्री बसायचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, प्रत्येकासाठी सेतूची एक फेरी आणि एका दिवसाचे बुडालेले तास. आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं नसेल तर आणखी एक फेरी. मग अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, तिथून विभागाच्या लॉगिनला. मंजूर झाला तरी विद्यार्थ्यानं परत पोर्टलवर जाऊन रिडीमचं बटण दाबायचं असतं, हे कित्येकांना कोणी सांगतच नाही. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यानं तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा. कागदावर ही पारदर्शकता आहे. प्रत्यक्षात पैसा येतो वर्ष सरता सरता, आणि कॉलेज फी मागतं जूनमध्ये. मधल्या महिन्यांत बाप कोणाकडे तरी हात पसरतो किंवा पोरगा नागापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी धरतो. सकाळी साडेसातच्या तासाला जो झोपलेला दिसतो, तो रात्रभर रील बघत होता हे गृहीत धरणाऱ्यानं त्याला एकदा विचारलं तरी आहे का?

याच विद्यार्थ्याला पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट आहे. ती असायलाच हवी. मात्र ती दोन्ही बाजूंना लागू व्हायला हवी, आणि इथे या प्रचलित मताचा सगळ्यात कच्चा धागा सापडतो. पोरं वर्गात नाहीत, हे सगळे मोजतात. वर्गात प्राध्यापक आहे का, हे कोण मोजतं?

2017 मध्ये राज्य शासनानं प्राध्यापक भरती थांबवली. 2018 च्या अखेरीस ती उठली, पण रिक्त जागांपैकी चाळीस टक्केच भरायची मुभा मिळाली, आणि त्याही जागा भरताना वर्षांमागून वर्षं गेली. दरम्यान जे निवृत्त झाले त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत हजारो पदं रिकामी आहेत. ती जागा भरून काढतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक, कॉलेजच्या भाषेत सीएचबी. हे लोक कमी शिकलेले नाहीत. नेट, सेट पास झालेले, पीएचडी केलेले आहेत. त्यांना घेतलेल्या तासापुरते पैसे मिळतात, तेही काही महिन्यांनी एकदम. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नव्यानं नेमणूक. सकाळी एका तालुक्यात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात तास घेत मोटारसायकलवर फिरणारा हा माणूस विद्यार्थ्याला थांबून शंका विचारू देणार केव्हा? पाच-पाच वर्षांत त्याच विषयाला चार शिक्षक बदललेले पाहिल्यावर विद्यार्थ्यानं कोणावर विश्वास ठेवायचा?

आणि जे कायम आहेत, त्यांचा वेळ नॅकच्या सात निकषांच्या फायली भरण्यात जातो. छायाचित्रं, अहवाल, सह्या, पुन्हा अहवाल. हाच रिक्त पदांचा रोग विद्यापीठापर्यंत पोचला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या विद्यापीठांच्या यादीत 2024 मध्ये तेविसावं होतं, 2025 मध्ये ते छप्पन्नाव्या क्रमांकावर घसरलं. एका वर्षात विद्यार्थी एवढे बिघडले, असं कोणी म्हणणार आहे का? शिकवणारी माणसंच नेमली नाहीत तर दुसरं काय होणार?

मोबाईलबद्दल फार लिहायची गरज नाही. 2020 मध्ये याच समाजानं याच मुलांच्या हातात मोबाईल देऊन त्यालाच वर्ग म्हटलं होतं, आणि अकोल्याच्या डोंगरात मुलं रेंजसाठी टेकाडावर चढून बसत होती. आज ज्या गावात वाचनालय नाही आणि ज्या कॉलेजचं ग्रंथालय पाच वाजता कुलूप लावतं, तिथे ती मुलं वाचणार कशावर?

आता 'डिग्रीला किंमत नाही' हा दावा. त्याच्या पुराव्यादाखल याच जिल्ह्यातली उदाहरणं छाती ठोकून दिली जातात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी पद्मश्री झाल्या. जामखेडच्या आरोग्य प्रकल्पात अक्षर न ओळखणाऱ्या बायांनी गावोगाव बाळंतपणं सुखरूप केली. मग कॉलेज हवंच कशाला?

ही उदाहरणं देणाऱ्यांनी ती अर्धीच पाहिली आहेत. राहीबाईंचं ज्ञान त्यांचं स्वतःचं, त्याबद्दल वाद नाही. पण देशी वाणांची ती बीज बँक उभी राहिली तेव्हा बाएफ या संस्थेचे शिकलेले कार्यकर्ते आणि कृषितज्ज्ञ त्यांच्यासोबत होते. वाणांची नोंद, साठवण, वाटप यांची शिस्त त्या सोबतीतून घडली. जामखेडचा प्रकल्प 1970 मध्ये सुरू केला तो डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं. दोघं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. खेड्यातल्या बाईला आरोग्यसेविका करता येईल, हे ओळखायलाही आणि तिला तसं शिकवायलाही त्यांचं उच्च शिक्षण कामी आलं. आणि हिवरे बाजार? 1989 मध्ये गावानं सरपंच म्हणून निवडलं ते पोपटराव पवारांना, कारण ते एमकॉम झालेले होते, गावात तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. दुष्काळी गावाचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडून त्यानुसार पीक ठरवण्याची रीत तिथे रुजली. ज्या कॉमर्सच्या पदवीची आज टिंगल होते, तीच पदवी घेऊन एक माणूस गावात परतला होता.

या जिल्ह्यात जे काही नवं उभं राहिलं, त्यात शिकलेलं माणूस आणि कष्टकरी माणूस एकत्र आलेले दिसतात. त्यातला शिकलेला काढून टाका, असं सांगणाऱ्यांना नेमकं काय हवं आहे? आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. 'खेड्यातल्या पोरांनी आयटीआय करावं' असं सांगणाऱ्या किती जणांनी स्वतःच्या मुलाला आयटीआयला घातलं आहे? त्यांची मुलं पुण्यात अभियांत्रिकीला असतात, पुढे जर्मनीच्या व्हिसाची तयारी करतात. आयटीआय हे चांगलं आणि गरजेचं शिक्षण आहे. पण ते ज्याला आवडतं त्यानं निवडायचं असतं. गरिबाच्या पोराला त्याची पायरी दाखवण्यासाठी ते नसतं.

तालुक्याची कॉलेजं बंद करा म्हणणाऱ्यांनी ती कशी सुरू झाली हे आठवावं. संगमनेरच्या महाविद्यालयाच्या नावात आजही 'नगरपालिका' हा शब्द आहे, कारण गावाच्या पालिकेनं ते उभारायला हात दिला. रयत शिक्षण संस्थेनं श्रीरामपूर, कर्जत, कोपरगावला महाविद्यालयं काढली ती 1960 च्या दशकात, जेव्हा त्या तालुक्यांत पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. पोरं येतील की नाही, याची खात्री करून घेऊन कोणी पायाभरणी केली नव्हती. पुढे 1983 मध्ये लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तिन्ही ठिकाणी एकाच वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. तिन्ही ठिकाणं प्रवरा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यातली, तिन्ही ठिकाणी साखर कारखान्याचं बळ. उत्तरेत पाणी होतं, ऊस होता, म्हणून संस्था फोफावल्या. दक्षिणेतल्या पाथर्डी, जामखेड, कर्जतमधल्या मुलांच्या वाट्याला ऊस आला तो तोडायला. हा फरक भरून काढायचं राहिलं दूर, आता त्यांच्याच तालुक्यातलं कॉलेज 'परवडत नाही' म्हणून बंद करायच्या यादीत टाकायचं?

तालुक्याचं कॉलेज बंद झालं की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगा जमलं तर नगरला किंवा पुण्याला जातो. मुलीचं स्थळ बघितलं जातं. जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती याच नगरमध्ये, सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं तेही इथेच. त्यांचं नाव असलेल्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मुलींचं कॉलेज दोन तास लांब ढकलण्याचा विचार कोणी मांडतो आणि त्याला व्यवहारी म्हटलं जातं, याचा संताप यायला हवा.

संस्थाही यात निर्दोष नाहीत, आणि त्यांना सूट देण्याचं कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा 2024-25 पासून सगळ्याच संलग्न महाविद्यालयांत आला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे कप्पे आले आणि ऑन जॉब ट्रेनिंगही आलं, चार क्रेडिट म्हणजे 120 तासांचं. बहुतेक कॉलेजांनी काय केलं? विद्यार्थ्यांना सांगितलं, कुठूनही सर्टिफिकेट आणा. मग पोरं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात. याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत, सुप्याला आणि नागापूरला एमआयडीसी आहे, हिशेब ठेवायला माणूस नसलेल्या शेकडो ग्रामपंचायती आहेत. संस्थाचालक यांतल्या अनेक ठिकाणी संचालक किंवा पदाधिकारी असतात. त्यांनी एका बैठकीत ठरवलं तर प्रत्येक टीवायच्या विद्यार्थ्याला 120 तासांचं खरं काम मिळेल. ती बैठक होत नाही, आणि मग म्हणायचं की पोरांना काही येत नाही. कमवा आणि शिका ही योजना ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते, त्यांच्या वसतिगृहातली मुलं स्वतः राबून शिकली. आज त्या योजनेत ग्रंथालयाची धूळ झटकण्यापलीकडचं काम द्यायला कोणाला वेळ नाही.

होय, वर्गाबाहेर कट्ट्यावर बसून वेळ घालवणारी मुलंही आहेत. ती 1970 मध्येही होती. त्यांच्यावरून जिल्ह्यातल्या सगळ्या विद्यार्थ्यांचा निकाल लावायचा नसतो. ज्या मुलीची गाडी चुकते, ज्या मुलाची शिष्यवृत्ती अडकते, ज्या वर्गाला तीन वर्षं कायम शिक्षक मिळत नाही, त्यांना बेफिकीर म्हणणं हे खोटं बोलणं आहे. शिकण्याची इच्छा या मुलांनी प्रवेश घेऊन दाखवलेली आहे. शिकवण्याची इच्छा दाखवायची वेळ शासनाची आणि संस्थांची आहे, आणि ती भाषणांतून दिसत नाही. भरलेल्या पदांतून, वेळेवर आलेल्या पैशांतून आणि सुटलेल्या गाडीतून दिसते.

म्हणून येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयानं फाटकावर एक फलक लावावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती आणि त्यांचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलेलं आहे. गेल्या वर्षीचे शिष्यवृत्तीचे किती अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अजून पडून आहेत. ग्रंथालय किती वाजता बंद होतं. कोणत्या गावाहून किती विद्यार्थी येतात, आणि त्यांच्या शेवटच्या गाडीच्या आधी प्रॅक्टिकल संपतं की नाही. हीच यादी एसटीच्या विभागीय कार्यालयात आणि जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवली जावी, आणि बारावीनंतर तुटणारा मोफत पास पुढे चालू ठेवण्याचा ठराव त्याच बैठकीत व्हावा. हे आकडे फाटकावर लागत नाहीत तोवर कुठल्याही प्राचार्यांनी पंच्याहत्तर टक्के हजेरीची नोटीस काढू नये.